साठीच्या वर नेत नाहीत

मुळशी धरणाच्या काठी भाड्याच्या खोल्या बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा नव्हता, आडनावाचा नव्हता आणि आम्ही घरात काय शिजवतो याचाही नव्हता. भर मे महिन्यात अंगात हिरवा स्वेटर, गळ्यात नाडीला अडकवलेली शिट्टी आणि समोर अर्धा फोडलेला फणस अशा अवतारात ते ओट्यावर बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पवाय येतं का?"

"नाही," मी म्हणालो. मी लातूरचा. आमच्याकडचं पाणी बादलीत मावतं.

"मंग ऱ्हावा. पवाय येनारीच बुडत्यात. न येनारा गप काठाला ऱ्हातो."

एवढ्यावर खोल्या मिळाल्या. माझं ऑफिस हिंजवडीत, पण तेव्हा घरून काम करायची सवलत होती आणि आठवड्यातून दोनच दिवस जावं लागे. बायको, सात वर्षांची जुई आणि मी असे तिघं त्या दोन खोल्यांत जवळजवळ तीन वर्षं राहिलो. घरमालकांना अख्खं गाव आबा म्हणायचं, आम्हीही म्हणू लागलो. ते मला शेवटपर्यंत 'लातूरकर' म्हणत राहिले. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, आणि माझंही त्यावाचून काही अडलं नाही.

आमच्या घरात सकाळी उठल्या उठल्या सगळी भांडी भरून ठेवायची पद्धत होती. बादल्या, हंडे, कुकर, चहाचं पातेलंसुद्धा. आबांना याची फार गंमत वाटायची. खिडकीतून ती रांग बघून म्हणायचे, "लातूरकर, धरान रातीत कुनी उचलून न्हेतंय व्हय?" मी म्हणायचो, "आबा, तुमच्याच नळाला एक दिवसाआड पाणी येतं." त्यावर ते खो खो हसत. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण त्या गावात कुणाला समजावून सांगावी लागत नसे.

त्यांचं वय बहात्तर-त्र्याहत्तर असावं. नक्की त्यांनाही माहीत नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पिरंगुटच्या कारखान्यात पाळीवर जायचा, आणि घर सांभाळायची त्यांची सून. ती सासऱ्याला भीत नसे, हे त्या घराचं भाग्य. आबांचा मोबाइल एकदा पाण्यात पडला होता. कुणीतरी सांगितलं, तांदळात ठेवा. ठेवला, तो सुरू झाला. तेव्हापासून आबा मोबाइल कायम तांदळाच्या डब्यातच ठेवत. पुन्हा बिघडायला नको, म्हणून आधीच औषध. फोन वाजला की सून पोळपाट टाकून धावायची, कोपरापर्यंत तांदळात हात घालायची, आणि तोवर तो बंद व्हायचा. "कुनाचा आसंल?" आबा विचारायचे. "तांदळाचा," ती म्हणायची.

डोंगराच्या बाजूची त्यांची थोडी जमीन विकली गेली होती आणि तिथे रिसॉर्ट उभं राहिलं होतं. उद्घाटनाला त्यांना मानाने बोलावलं. पोहण्याच्या तलावापाशी नेलं. आबांनी निळ्या पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं, म्हणाले, "ह्येला दवाखान्याचा वास येतोय," आणि न जेवता घरी आले. रिसॉर्टचा मालक वाईट वाटून मागोमाग आला, तर त्याला ओट्यावर बसवून पिठलं-भाकरी खाऊ घातली.

शनिवार-रविवार मात्र आबा कुणाला सापडत नसत. सकाळी आठला शिट्टी गळ्यात घालून पाण्याच्या काठी जात, ते दिवे लागायच्या आत परत येत. त्यांना हे काम कुणी दिलं नव्हतं. पुण्याहून, हिंजवडीहून पोरं गाड्या घेऊन येतात, शर्ट काढतात, फोटो काढत काढत आत जातात. आबा झाडाखाली बसून बघत राहायचे आणि कुणाच्या गुडघ्याच्या वर पाणी गेलं की शिट्टी. पोरं चिडायची. एकदा एकाने विचारलं, "काका, तुम्ही सिक्युरिटी का? कुणाचे?" आबा म्हणाले, "तुज्या आयबापाचा. नीघ भाईर." पाण्याबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "पान्याला चेष्टा कळत न्हाई." ते इतक्या वेळा म्हणायचे की गावातली पोरं मागून त्यांची नक्कल करायची.

इतकं करूनही कुणीतरी बुडायचंच. मग पोलिसांची गाडी आबांच्या दारात यायची. आम्ही तिथे असताना असं दोनदा झालं. आबा स्वेटर काढून ठेवत, सुनेला "भाकरी टाकू नगं" एवढं सांगून जात, आणि परत येत तेव्हा त्यांची बोटं पांढरी पडून सुरकुतलेली असत. त्या दिवशी ते जेवत नसत. चुलीपुढे हात धरून बसून राहत.

दुसऱ्या वेळी मी न राहवून शेजारी जाऊन बसलो. विचारलं, "आबा, खाली काय दिसतं हो?"

"काय न्हाई. समदा गाळ. डोळं उगडं ठिवलं काय न् मिटलं काय, सारकंच." मग हात उलटेपालटे करत म्हणाले, "आमी हातानं बगतो. आदी क्येस लागत्यात." आयुष्यभर पाण्यात वावरलेल्या या माणसाने पाण्याखालचं काहीही कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. ते लक्षात ठेवायला हवं होतं.

आमच्या जुईला पाण्याची भीती. भीती म्हणजे केवढी, तर दर रविवारी डोक्यावरून अंघोळ घालताना ती असा हंबरडा फोडायची की रस्त्यावरचा माणूस थांबावा. तोंडावर पाणी आलं की तिचा श्वासच अडकायचा. असल्याच एका रविवारी ड्युटीवर निघालेले आबा खिडकीशी थांबले. "लातूरकर, पोरीला न्हाऊ घालताय का मारताय?"

"पाण्याला घाबरते ती."

"बापावर गेली," आबा म्हणाले. "सोमवारपास्नं माज्याकडं धाडा."

त्या गावात मुलांना पोहायला शिकवायची एकच रीत होती: कमरेला दोर बांधायचा आणि विहिरीत ढकलायचं. बुडाला तर ओढायचा, नाही बुडाला तर शिकला. बायकोने तेवढं ऐकलं होतं, त्यामुळे ती आधी तयारच होईना. पण आबांची रीत निराळी होती. "ढकलून शिकलेला पवतो," ते म्हणाले, "पर त्येचा पान्यावर राग ऱ्हातो. आन राग धरलेला मानूस कवातरी पान्याशी भांडाय जातो."

त्यांनी पाण्याची सुरुवात परातीपासून केली. ओट्यावर मोठी परात, तीत चार बोटं पाणी, तळाला चिंचोके. जुईने तोंड बुडवून, डोळे उघडे ठेवून ते मोजायचे. पहिल्या दिवशी तिने नाकाचा शेंडा बुडवला आणि पळून आली. आबांनी स्वतः परातीत तोंड घातलं आणि वर येऊन गंभीरपणे म्हणाले, "नऊ." चिंचोके बारा होते. जुईने वरूनच मोजून सांगितलं. "व्हय? मला तर नऊच गावलं," म्हणून त्यांनी पुन्हा तोंड घातलं. असं चार दिवस चाललं. बहात्तर वर्षांचा माणूस रोज सकाळी चिंचोके चुकीचे मोजत होता. पाचव्या दिवशी जुई इतकी वैतागली की त्यांना बाजूला सारून तिनेच तोंड बुडवलं आणि बारा मोजून आली.

पाण्याला शिवायच्या आधी त्यांचा एक विधी असे. ओंजळभर पाणी डोक्यावर, ओंजळभर छातीवर, मग थोडं थांबायचं. "पान्याला आदी कळू द्यावं कोन येतंय त्ये." जुई हे फार भक्तिभावाने करायची. आता ती हिंजवडीच्या सोसायटीच्या तलावातही हे करते, आणि तिथला शिकवणारा हसतो.

श्वास कोंडायला शिकवताना इतर लोक आकडे मोजतात. आबा खाचरांची नावं घेत. धरण झालं तेव्हा त्यांच्या आज्याची अकरा भातखाचरं पाण्याखाली गेली. आबांनी ती पाहिलेली नव्हती, त्यांच्या वडिलांनीसुद्धा अगदी लहानपणी पाहिलेली. पण नावं घरात पाठ होती. जांभळीचं, वाकडं, सासूचं, सुनेचं, भांडणाचं, म्हसबुडीचं, चिखलीचं, देवाचं, धाकलं, थोरलं, शेवटलं. पाण्यात तोंड घालून मनात एकेक नाव सावकाश घ्यायचं, जणू बांधावरून चालत निघालोय. जुई पहिल्यांदा सासूच्या खाचरापर्यंत गेली. उन्हाळा संपेतो देवाच्या पुढे पोचली. जेवताना अचानक विचारायची, "बाबा, सासूचं आणि सुनेचं खाचर शेजारी शेजारी, म्हणून पुढे भांडणाचं आलं का?" मला काय ठाऊक. आबांना विचारलं तर म्हणाले, "पोरगी हुशार हाय."

परातीनंतर गुरांची सिमेंटची टाकी झाली, टाकीनंतर धरणाचं काठचं पाणी, कमरेला दोर बांधून. पावसाळा सरून पाणी निवळेपर्यंत माझी लेक मासोळीसारखी झाली होती. आणि मी काठावर उभा राहून ओरडत असायचो, "जास्त आत नको!" आबा माझ्याकडे बघून शिट्टी मारायचे. मी गप्प बसायचो.

त्याच सुमाराला बायकोने मालवणला जायचा बेत काढला. तिथे समुद्रात तोंडाला काच बांधतात, दातांत नळी देतात, आणि पालथं तरंगत खालचे मासे, प्रवाळ बघायचं असतं. स्नॉर्कलिंग म्हणतात त्याला. जुईला सराव व्हावा म्हणून मी लहान मुलांची काच आणि नळी मागवली. खोकं आलं तेव्हा आबा तिथेच होते. उलटसुलट करून त्यांनी ती काच पाहिली, मग टाकीत उतरले, तोंडाला ती इवलीशी काच हाताने दाबून धरली आणि खाली वाकले.

बराच वेळ वर येईनात. जुई घाबरून मला हाका मारू लागली. मग आले. डोक्यावरून पाणी निथळतंय, काच कपाळावर, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी.

"लातूरकर," ते म्हणाले, "माजी बोटं दिसली."

"कुठली?"

"पायाची! नखंबी दिसली. ह्या बोटाचं नख तुटलंय, त्येबी दिसलं." सुनेला हाका मारून त्यांनी बोलावलं, तिला टाकीपाशी उभी केली, पुन्हा वाकून पुन्हा तेच सांगितलं. मग ओट्यावर बसून मला विचारलं, "त्या समुंद्रात खाली उजेड आसतो?"

मी मोबाइलवर त्यांना एक चित्रफीत दाखवली. पिवळ्या पट्ट्यांचे मासे, खाली हलणारी उन्हाची जाळी. त्यांनी ती चार-पाच वेळा बघितली. मासे ते बघतच नव्हते. तळ बघत होते.

"आबा, चला आमच्याबरोबर," मी म्हणालो.

मी ते मनापासून म्हणालो होतो, हे मला आजही स्वतःला सांगावंसं वाटतं. त्या क्षणी खरंच मनापासून.

"न्हेशील?" असं त्यांनी एकदाच विचारलं. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिडी सोडली. पन्नास वर्षांची बिडी. दम टिकावा म्हणून. पौडच्या बाजारातून नाडीची निळी अर्धी चड्डी आणली आणि ती सगळ्या आळीला दाखवली. काठावरच्या पोरांनाही शिट्टी मारून सांगू लागले, "मी बी जानार हाय, पर तितं नेमानं. जाकीट घालून." सून मला म्हणाली, "भाऊजी, बिडी तुमी सोडिवली, आता देवच पावला म्हनायचा." मी फुशारलो.

मग माझ्या साडूंचा फोन आला. त्यांचं कुटुंबही येणार होतं. ते दोघं, त्यांचे दोन मुलगे. त्यांनी मोठी गाडी ठरवली, ड्रायव्हर सोडून आठ जागांची. आम्ही सात. मी म्हणालो, आमचे घरमालक पण आहेत.

साडू हसले. "घरमालकाला कोण नेतं ट्रिपला? म्हातारा माणूस, वाटेत काय झालं म्हणजे?"

मला सांगता आलं असतं. सांगता आलं असतं की हा म्हातारा आपल्या दोघांना दोन काखांत धरून धरण पार करील. पण माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच येऊ लागलं. हॉटेलात आबा स्वेटर घालून बसलेत. साडूंच्या मुलांवर शिट्ट्या मारताहेत. बोटीवर सगळ्यांदेखत 'पान्याला चेष्टा कळत न्हाई' ऐकवताहेत. साडूंची नोकरी माझ्यापेक्षा मोठी, फ्लॅट मोठा, आणि त्यांच्यापुढे मी आधीच धरणाकाठच्या दोन खोल्यांत राहणारा माणूस. मला आबांची लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

निघायच्या तीन दिवस आधी मी ओट्यावर गेलो. आबा नळी दातांत धरून नुसतेच बसले होते, सराव म्हणून. मी म्हणालो, "आबा, एक घोटाळा झालाय. मी चौकशी केली. साठीच्या वर नेत नाहीत. नियम आहे."

त्यांनी नळी काढली. "कुनाचा?"

"त्यांचाच. तिथल्या लोकांचा. जोखीम नको म्हणून."

मी वाद होईल म्हणून तयारीत आलो होतो. आबांनी नळीतलं पाणी झटकलं, ती धोतराच्या सोग्याने पुसली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "बराबर हाय. नेम हाय म्हंजी हाय. मी सुदा शिट्टी मारतोच की." आणि थोड्या वेळाने, माझीच समजूत काढायला, "तितली पोरं शानी दिसत्यात."

त्यांनी ते पटकन मानलं याचं मला हायसं वाटलं. लाज नंतर आली, आधी हायसंच वाटलं. बायकोला मी रात्री जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "असं कसं बोललास तू?" मी म्हणालो, "आता झालं ते झालं." उरलेले तीन दिवस आबांनी जुईचा सराव दुप्पट केला. "तू नीट बगून ये. घाई करायची न्हाई. आन येऊन मला सांगायचं, तळ कसला हाय, वाळू हाय का गोटं, आन उजेड कुटवर जातो." गाडी पहाटे दारावरून निघाली तेव्हा ते हात हलवत उभे होते. आठव्या सीटवर आम्ही चकलीचा डबा आणि फुगवायची बदकं ठेवली होती.

मालवणला बोट किनाऱ्यापासून थोडी आत नेऊन उभी केली. बोटीवर आम्ही होतो आणि नाशिककडचं एक कुटुंब, त्यांच्यात नऊवारीतल्या एक आजी. जुईला जाकीट घातलं, काच बांधली, नळी दिली. पाण्यात उतरण्याआधी तिने ओंजळ डोक्यावर घेतली, ओंजळ छातीवर, आणि थांबली. साडूंची मुलं हसली. मग ती पालथी झाली आणि तिचं तोंड पाण्यात गेलं.

ती श्वासच घेईना. बराच वेळ निश्चल, मग एकदम डोकं वर, मोठा श्वास, पुन्हा खाली. शिकवणारा मुलगा तिथलाच, तो ओरडला, "गो बाय, तोंडान श्वास घे, नळी कित्याक दिलंय तुका?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ती खाचरं मोजत होती. आबांनी तिला श्वास कोंडायला शिकवलं होतं, पाण्यात श्वास घेता येतो हे त्यांना कुठून माहीत असणार? नळीचं काय करायचं, ते त्यांना मी सांगायला हवं होतं. ओट्यावर इतके दिवस नुसती नळी धरून ते काय सराव करत होते कोण जाणे.

तिला जमलं शेवटी. नळीतून फुर्र फुर्र आवाज यायला लागला आणि ती हात पसरून निवांत तरंगू लागली. सगळ्यांनी पाळी घेतली. मी नाही. मी बोटीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. तो मुलगा म्हणाला, "ओ काका, तुमचा जाकीट तसाच आसा. कोण येता?"

नाशिकच्या आजी म्हणाल्या, "मी आले तर चालेल का रे? अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली मला. वयाचं काही आहे का तुमच्यात?"

"वयाचा काय नाय ओ आजी. दमो नाय ना? मग येवा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस?" एवढंच म्हणाली. आजींनी काष्टा आवळला, माझं जाकीट घातलं, माझी काच लावली. मुलाने त्यांना रबरी कडं धरायला देऊन पाण्यात सोडलं. त्यांना पोहता येत नव्हतं. त्या दहा मिनिटं पाण्यात होत्या. मी ती दहा मिनिटं बोटीतून बघितली.

त्यानंतर आबांना न्यायला मला काही वेळ मिळाला नाही, असं म्हणायची सोय नाही. उन्हाळ्याची सुट्टी होती, पुढची दिवाळी होती. दर वेळी मनात येई, न्यायचं तर आधी खोटं कबूल करावं लागेल, आणि मी पुढे ढकलायचो. मग ऑफिसने सगळ्यांना पाचही दिवस बोलावलं, आम्ही हिंजवडीत बाराव्या मजल्यावर राहायला गेलो. आबा झोपेतच गेले. सुनेने फोन केला. मी गेलो तेव्हा ती म्हणाली, त्यांनी बिडी परत काही धरली नव्हती. मी मान हलवली आणि धरणाकडे बघत उभा राहिलो. शनिवार होता. काठाला गाड्या लागलेल्या होत्या आणि कुणी शिट्टी मारत नव्हतं.

पण मला राहून राहून आठवतो तो मालवणहून परत आलो तो दिवस. दुपार होती. आबा ओट्यावर वाट बघत होते, जुईला चपला काढायचाही दम धरवेना. आबांनी तिला समोर बसवलं आणि एकेक विचारू लागले. तळाला काय? वाळू. गोटं? गोटे पण, आणि त्यांच्यावर झाडं. हलत्यात? हो. उजेड कुटवर? खालपर्यंत, आबा, अगदी खालपर्यंत. माझी सावली पडली होती वाळूवर. सावली! आबांनी मांडीवर थाप मारली. मी गाडीतल्या पिशव्या आत नेत होतो, येता-जाता ऐकत होतो.

आणि जुई म्हणाली, "आबा, एक आजी होत्या आमच्या बोटीत. तुमच्यापेक्षा म्हाताऱ्या. त्या पण उतरल्या पाण्यात. बाबांचं जाकीट घालून."

मी उंबऱ्यात होतो, दोन्ही हातांत पिशव्या. आबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. जुईही माझ्याकडे बघू लागली. सात-आठ वर्षांच्या पोरीला एवढं कळतं. "पण बाबा, तुम्ही तर म्हणाला होतात..."

"आगं, बायांना सूट आसंल," आबा म्हणाले. "येश्टीत न्हाई का, बायांना अर्धं तिकीट? तसंच आस्तंय त्ये. नेम गड्यांना." त्यांनी तिचं तोंड हनुवटीला धरून आपल्याकडे वळवलं. "मंग? म्हातारीला दिसलं का काय?"

"खूप! त्या वर आल्या आणि रडायलाच लागल्या. म्हणाल्या, एवढी वर्षं मला कुणी सांगितलंच नाही."

"व्हय?" आबा म्हणाले. "बरं झालं. बगितलं तिनं."

मी पिशव्या तिथेच ठेवल्या आणि राहिलेलं सामान काढतो असं म्हणून गाडीकडे गेलो. गाडी रिकामी होती. मी बराच वेळ मागचं दार उघडून उभा राहिलो.